रेषेवरचा फोटो

प्रिय दादा,

तू गेल्याला सव्वा वर्ष झालं. लिहायला बसले की तो एकच फोटो आडवा यायचा. परवा त्याचा उलगडा झाला, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

माझी शोभा अंगणात दोरीच्या उड्या मारत होती, म्हणून तुझा आरशाचा कॅमेरा काढला. पोरगी वर गेली की बटण दाबायचे. तीन फोटो काढले. तिन्हींत बाईसाहेब जमिनीवर! दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर तो म्हणाला, "बाई, यात बटण दाबल्यावर आधी आतला आरसा उचलला जातो, मग पडदा सुटून फोटो निघतो. हा आरसा तर पहिल्यापासून जड आहे, उशिरा उचलतो. धावत्या माणसाचा फोटो हवा, तर जरा आधी दाबायचं."

जरा आधी! मी तिथेच स्टुलावर बसले.

आपल्या दुकानात माणसं खुर्चीत ताठ बसून फोटो काढून घ्यायची. आरशाने किती वेळ घेतला, कुणाला कळणार होतं? पण उरणच्या संघाशी हुतूतूचा तो सामना! तिघांच्या पकडीतून फरफटत तू मधल्या रेषेकडे आलास. तुझी बोटं रेषेला टेकली आणि मी याच कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पंचांनी गुण दिला, ढाल पनवेलला आली.

मग फोटो धुतला. हात रेषेवर, तोंड मिटलेलं. तोंड मिटलं म्हणजे दम तुटला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"तू रेषेजवळच होतीस. माझा दम होता का गं?" तू विचारलंस.

होता रे! माझ्या कानांनी ऐकला होता. पण हातातल्या ओल्या फोटोकडे बघत मी म्हणाले, "फोटोत तर दिसत नाही."

किती सहज म्हणाले! एखादं गिऱ्हाईक "मी असा दिसत नाही" म्हणालं की आपण आतल्या खोलीत जाऊन हसायचो, आठवतं? माणूस चुकेल, फोटो चुकणार नाही, हे अण्णांनी आपल्याला बाराखडीआधी शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू ढाल काखेत मारून उरणला गेलास. त्यांचा कप्तान पांडू खवळलाच म्हणे. "येडा हाय का रं तू? पंचांनी तुमाला दिली ना? मंग आमी नाय घेनार. ने घरी!" तू ती त्याच्या ओटीवर ठेवून आलास. इथली पोरं तुला महिनाभर "हरिश्चंद्र" म्हणत होती. त्याचं तुला काही वाटलं नाही. पण तू पुन्हा मैदानात उतरला नाहीस. "माझ्या दमावर माझाच भरवसा राहिला नाही," म्हणालास, आणि हसलास.

एवढं मनाला लावून घ्यायचं? एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंस, डोळे मिटून नीट आठव म्हणून! मी सांगितलं असतं रे.

येत्या रविवारी मी उरणला जाणार आहे. ढाल मागायला नाही. पांडूच्या ओटीवर चार माणसांदेखत सांगणार आहे, की रेषेला टेकताना तुझा दम होता, कॅमेरा उशिरा पोचला, आणि जे कानांनी ऐकलं ते मी गिळून टाकलं. शोभालाही नेईन. मामा कसा खेळायचा, हे तिने त्याला धरायला धावलेल्या माणसांच्या तोंडून ऐकावं.

एवढं नक्की करीन, दादा.

तुझी धाकटी,
सुमन