ह्यांची सकाळची पेज

टिटवाळा,
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

गोदाताईंना मालनचा नमस्कार.

आम्ही इकडे ठीक. तुमचे उकडे तांदूळ मिळाले. दहा किलो पाठवायची काही गरज नव्हती, पण भावासाठी तुमचा हात आखडत नाही हे मला लग्नापासून ठाऊक आहे. फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. घर दोन खोल्यांचं, हे दिवसभर इथेच असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. ते बाहेर गेले तरी ही गोष्ट फोनवर माझ्याच्याने बोलवणार नाही.

दिवाळीत मी तुम्हाला हौसेने सांगितलं होतं, की तुमच्या भावाला साठीनंतर गाव आठवायला लागलं. तीस वर्षं सकाळी कडक चपाती चहात बुडवून खाणारा माणूस, रविवारी घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ नसेल तर तोंड फुगवणारा, एकदम पेज मागायला लागला. मला काय आनंद झाला. शेजारच्या जागृतीलाही सांगून आले. रोज पहाटे उठून पेज शिजवत होते, सोबत पापड भाजत होते. पापड तसाच राहायचा. खायचा नव्हता तर भाजायला कशाला लावलात, म्हणून मी त्यांना बोललेही. पट्टा दोन भोकं आत गेला, तोही मी रोजच्या चालण्याच्या खाती टाकला.

गेल्या सोमवारी पेजेचा घोट घेऊन हे मोरीत गेले. नळ बराच वेळ चालू होता. मी मागे गेले, तर घोट सगळा बाहेर आलेला. मग बसवून विचारलं. दसऱ्यापासून चपाती घशाखाली उतरत नव्हती ताई. म्हणून पेज. आणि मी दीड महिना गावची ओढ म्हणून कौतुक करत बसले. माझ्यासारखी बावळट मीच.

कल्याणला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी शुक्रवारी घशातून दुर्बीण घालून बघायचं ठरवलंय. जास्त काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. रिक्षात हे एवढंच म्हणाले, "गोदाला कळवू नकोस. आबांच्या आजारपणात सगळं तिनेच केलंय, पुन्हा तिच्यावर नको." मी बरं म्हटलं. आज हे दाढी करायला सलूनमध्ये गेलेत, म्हणून शब्द मोडून लिहायला बसले.

ताई, मला फार भीती वाटते. सकाळी हे पहिला घोट घेतात तेव्हा मी कणीक मळायचं सोंग करते आणि त्यांच्या गळ्याकडे बघत राहते. आज चार घोट गेले. काल सहा गेले होते.

आबा आजारी पडले तेव्हा मी इकडे बाळंतीण होते. शेवटी शेवटी ते पेजच घ्यायचे, एवढंच तुमच्याकडून ऐकलंय. पुढचं तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही टाळलं. आता विचारते. आबांना पेज किती दिवस जात होती?

हे पत्र तुमच्या हाती पडेल तोवर शुक्रवार होऊन गेलेला असेल, मला काय ते कळलेलंही असेल. तरी खरं तेच लिहा. नाहीतर लिहू नका, निघूनच या. ह्यांना मी सांगेन की तुम्ही आपणहून आलात.

तुमच्या भावाला दिलेला शब्द मोडणारी,
मालन