तीन पाण्यांची एक होडी

१७ जून १९८४, रविवार, सकाळी ९
मालनवहिनींचं गावाहून पत्र. जावई चंद्रप्रकाश गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलाय, त्याला मासेमारीत घालायचंय. जुनी पण चांगली होडी बघा, नारळी पौर्णिमेपर्यंत पक्की करा, तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळत नाही, असं लिहिलंय. खरं आहे. गेल्या वर्षी मीच त्यांना कळवलं होतं की वर्सोव्यात माझा सल्ला घेतल्याशिवाय होडी विकली जात नाही. थोडं जास्त झालं, पण इम्प्रेशन पडलं.
प्रेमा म्हणाली, सव्वीस वर्षांत तुम्ही होडीला पाय लावला नाहीत. बायकोला कोण समजावणार? अभ्यासाला पाय लागत नाहीत.
संकल्प: महिन्याभरात होडी फायनल.

२० जून, ऑफिस
तक्ता केला. गावाला पाणी तीन प्रकारचं. आतली खाडी: सपाट बुडाची होडी हवी, उथळात रुतत नाही. बाहेरचा समुद्र: खोल बूड, लाट कापतं. मधे खाडीचं तोंड, तिथे वाळूचा बांध, लाटा फुटतात. तिथे सपाट बूड
पेन बंद पडलं. रिफिल आणणे.

२४ जून, रविवार
वर्सोवा. पावसाळ्यासाठी होड्या वाळूवर ओढून ठेवल्यात, वर झावळ्या. मार्तंड म्हणून होड्या बांधणारा आहे, त्याने एक दाखवली. झकास. चार फेऱ्या मारल्या, ठोकून पाहिली. मार्तंड म्हणाला, वर चढून बघा ना. मी गुडघ्याचं कारण सांगितलं.
मग बघतो तर मागच्या टोकाला कोणीतरी आधीच बसलेला. ओला सदरा, पाठ माझ्याकडे. हा कोण म्हणून विचारलं, तर मार्तंड म्हणतो, कुठे कोण?
चष्म्याचा नंबर वाढलाय. होडी रिजेक्ट. कारण: रंग.

१ जुलै, रविवार
चष्मा शुक्रवारीच बदलला.
मढला गेलो. वर्सोव्याहून फेरीबोटीने पाच मिनिटं लागतात, असं प्रेमाने दोनदा ऐकवलं. मी मालाडवरून बसने गेलो. अडीच तास. बसमध्ये टिपणं वाचता येतात.
होडी उलांडीची. म्हणजे बाजूला ओंडका बांधलेला, त्यामुळे कलंडत नाही. दोष काढायला जागा नव्हती. पण हा तिथेही बसलेला. तोच सदरा.
पित्त असणार. रिजेक्ट. कारण: ओंडका डावीकडे.

१३ जुलै, ऑफिस
डबा खाताना खंडूला सांगितलं. खंडू माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, पोटात ठेवतो. त्याने विचारलं, माणूस किती वर्षांचा? मी म्हटलं, अठ्ठावीस. तो म्हणाला, यार दशरथ, तोंड बघितलं नाहीस तर वय कसं कळलं?
खंडूला फार चौकशा असतात. उद्यापासून डबा एकट्याने.

२२ जुलै, दुपारी
खाटेपाशी पाण्याचं थारोळं. प्रेमा म्हणते माठ पाझरतो. माठ बदलला. थारोळं पुन्हा. खारट आहे का ते चाखून बघायचं ठरवलं. बघितलं नाही.
आतापर्यंत होड्या अकरा. रिजेक्ट अकरा. स्टँडर्ड राखलंय.

२९ जुलै, रविवार
वहिनींचं दुसरं पत्र. होडी मिळाली का? शेवटी लिहिलंय, फक्त ह्यांच्या होडीसारखी नको. ते वाक्य मी वाचलं नाही. म्हणजे तीनदा वाचलं.
वहिनींचे ‘हे’ म्हणजे अनंतदादा, माझा थोरला भाऊ; त्याच्या होडीचा या कामाशी काही संबंध नाही. केवळ रेकॉर्डसाठी: ती मी निवडली होती. सपाट बूड, वल्हवायला हलकी, दिसायला देखणी. समुद्रातही चालेल, मीच म्हटलं. तेव्हा मला बोटींची माहिती नव्हती आणि ती आहे असं वाटत होतं. त्या दिवशी मला ताप होता. नव्याण्णव. दादा एकटा गेला, अठ्ठावीस वर्षांचा. बांधाशी उलटली.
होडी दादानेच घेतली, असं वहिनींना वाटतं. मी ते दुरुस्त केलं नाही. पुढच्या महिन्यात मुंबईला आलो, ते पार्ल्यातच राहिलो.
पेन चालू आहे. तरी थांबतो.

५ ऑगस्ट, रविवार
नवा संकल्प: जुनी होडी नकोच, नवी बांधून घ्यावी. मार्तंड म्हणाला, पौर्णिमा सहा दिवसांवर आली, होरी काय भजी आहे का तळून द्यायला? त्याला दूरदृष्टी नाही.

९ ऑगस्ट
तार. वहिनी आणि चंद्रप्रकाश उद्या येतायत. वाट लागली. तक्ता स्वच्छ अक्षरात लिहिणे.

११ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा
वर्सोव्यात बँड, पताका, सगळ्या कोळणी नटलेल्या. वहिनींनी तक्ता बघितला, घडी करून पिशवीत ठेवला. मग लुगडं खोचून सरळ एका होडीत चढल्या. फळ्या दाबून पाहिल्या, बुडाशी नाक लावलं, बसून हलून बघितलं. दहा मिनिटं. हीच घेऊया म्हणाल्या. मी दोनदा रिजेक्ट केलेली.
मी म्हटलं, वहिनी, ही फक्त खाडीची. बाकी दोन पाण्यांचं काय? त्या म्हणाल्या, एका होडयेन तीन पाणी कशी होतली? आणि चंद्रप्रकाशला वळून सांगितलं, ही घेवन बांधाच्या भायर जाऊचा नाय.
मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, भावजी, ती होडी तुमी निवडलास ता माका पयल्यापासून ठावक आसा. त्यांका मी सकाळीच सांगितलेलंय, भायर जाव नको. हसले आनि गेले. मी दारात आडवी पडाक व्हई होतंय.
म्हणजे सव्वीस वर्षं आम्ही दोघंही दोष आपल्याच पदरी ठेवत होतो. मी इथे, त्या तिथे. मला रडू आलं. बँड चालू होता म्हणून बरं.
वहिनींनी वर बोलावलं. मी म्हटलं, भरती-ओहोटी बघितली पाहिजे. त्यांनी खालच्या कोरड्या वाळूकडे बघितलं आणि सरकून मागच्या टोकाला जागा केली, तिथे आज कोणी नव्हतं.
चढलो. दोन्ही हातांनी काठ धरून, डोळे मिटून, पाच मिनिटं बसलो. पाणी शंभर पावलांवर होतं. होडी हलली नाही. मी हललो.
उतरायला जमेना. शेवटी मार्तंड आणि वहिनी, दोघांनी दोन काखांत हात घालून खाली घेतलं.