दत्तारामच्या वाट्याचा 'अहो'

मी, मधुकर नारायण कशेळकर, वय वर्षे बावन्न, धंदा वार्ताहर, राहणार बोरीवली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. आरंभीच एक तक्रार नोंदवतो. वकिलांच्या कारकुनाने आणलेल्या मसुद्यात मी 'शुध्दी'वर आहे असे लिहिले होते. आधी ध, मग द. असल्या शुद्धीवर मी जन्मात कधी नव्हतो. जोडाक्षरात कोण आधी आणि कोण नंतर याला महत्त्व असते, हे त्यास समजावले, तर तो म्हणाला, "साहेब, कोर्टाला दोन्ही चालतं." म्हणून हा सबंध कागद मला स्वहस्ते लिहावा लागत आहे.

निमित्त पित्ताशयातील खड्यांचे. येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. आमचे कुटुंब सौ. उत्तरा हिचे मत असे : "पोट फाडणार आहेत, तुमचं राज्य खालसा नाही करत. एवढं काय लिहायचंय?"

कलम पहिले. बोरीवलीची दोन खोल्यांची बंगली, पोस्टातील शिल्लक आणि अंगणातला शेवगा उत्तरेस (व्यक्तीस, दिशेस नव्हे). शेजारचे विद्याधर फाटक शेंगा काढून नेतात, त्यांना तिने नेऊ द्याव्यात. मी त्यांच्याशी इतकी वर्षे भांडलो ते शेंगांसाठी नव्हे, विचारून न्याव्यात एवढ्यासाठी.

कलम दुसरे. माझे संस्कृत ग्रंथ, वाळवीने आधीच वाचलेले वगळून, कन्या क्षमा शिकवते त्या मालाडच्या शाळेस.

कलम तिसरे, दत्ताराम परब याच्याविषयी. देवगडाकडे आमच्या आजोबांची जमीन याचे वडील कुळाने कसत. हा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मी याला जन्मभर 'अरे दत्ताराम' म्हणत आलो आणि हा मला 'अहो भाऊ'. पुढे हा परळच्या गिरणीत लागला, तिथली नोकरी गेल्यावर मालाडात सुतारकाम करू लागला. दर रविवारी आमच्याकडे येतो, पायरीवर बसून चहा घेतो आणि मला शहाणपण शिकवतो. आता याचा मुलगा जयवंत, अंधेरीच्या कारखान्यात फिटर, आणि आमची क्षमा यांनी लग्न ठरवले आहे. उत्तरेची आणि माझी त्यास संमती आहे. मी गुरुवारी टेबलावरून उठलो नाही, तर 'बापाच्या मनात नव्हते' असे कोणी म्हणू नये, यासाठीच खरे तर हे मृत्युपत्र.

म्हणजे दत्ताराम माझा व्याही, आणि तोही वराचा बाप. आपल्याकडे मुलीच्या बापाने मुलाच्या बापापुढे वाकावे अशी रीत आहे. रीत वाईटच. पण खोताच्या नातवाला कुळाच्या मुलापुढे वाकवणारी दुसरी कुठलीही सोय मला आपल्या धर्मात सापडली नाही, म्हणून ही मोडवत नाही. सबब या ओळीपासून पुढे दत्ताराम यांचा उल्लेख आदरार्थी बहुवचनात होईल.

हे मी त्यांना गेल्या रविवारी सांगितले. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही माका 'अहो' म्हटलात तर मी मागे वळान बघतलंय, कोण इलो तां."

मग मी त्यांना सांगितले की संस्कृतात 'भवान्' म्हटले की क्रियापद तृतीय पुरुषी होते, माणूस समोर बसलेला असून लांब जातो. देवाला मात्र 'त्वम्'. तेव्हा माझा 'अहो' लांबचा वाटत असेल, तर त्यांनीच मला 'अरे' म्हणावे.

उत्तरा आतून म्हणाली, "मलाही पंचवीस वर्षं 'अगं'च चाललंय. माझं कलम कितवं?"

हा मुद्दा वकिलांकडे विचारार्थ पाठवला आहे.

कलम चौथे. माझी आरामखुर्ची दत्तारामरावांस. तिचा वेत त्यांनीच दोनदा नवा बसवला, पण तिच्यावर ते एकदाही बसले नाहीत. अट एकच, बसावे. "नेतंय," म्हणाले, "कपडे वाळत घालूक बरी." हा अटीचा भंग समजावा.

कलम पाचवे. आमचे वडील बंधू श्यामसुंदर यांस हे लग्न पसंत नाही. "मध्या, आपली पायरी कुठली, त्यांची कुठली?" असे ते विचारतात. दादांचा नंदकुमार लंडनात शिकतो. इंग्रजांच्या भाषेत मालकाला आणि नोकराला एकच सर्वनाम आहे. तरी नंदूचा रंग पाहून घरमालकिणीने दारातूनच सांगितले, खोली आत्ताच दिली. खोली रिकामीच होती. दादांना दोन दिवस जेवण गेले नाही. मलाही फार लागले. पण दादा, त्या बाईंनी आणि तुम्ही एकदा पत्रव्यवहार करावा. पायरीच्या प्रश्नावर तुमचे एकमत होईल.

आजोबांचा चांदीचा तांब्या, ज्यावरून आपला दर गणपतीत वाद होतो, तो मी दादांस देतो. याच तांब्यातून दत्तारामरावांच्या वडिलांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई. मी नसलो तर कन्यादानाला माझ्या जागी दादांनी बसावे आणि याच तांब्याने जयवंताचे पाय धुवावेत. धुतले तर तांब्या त्यांचा. न धुतले तरी त्यांचाच. ज्याने मला खांद्यावर बसवून शाळेत नेले, त्याला अट घालण्याइतका मी वकील झालेलो नाही.

वरील मजकूर मी कोणाच्या दडपणाखाली लिहिलेला नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती या घरात आहे, आणि ती आत शेंगा चिरते आहे.

बोरीवली, रविवार, दि. १७ नोव्हेंबर १९५७

(सही) म. ना. कशेळकर

साक्षीदार :
१. विद्याधर गोविंद फाटक, शेजारी (शेंगांचे कलम वाचून)
२. डॉ. चंद्रप्रकाश नाडकर्णी (शुद्धी तपासून)

सहीखाली लिहिलेल्याला कायद्यात किंमत नसते, असे वकील म्हणतात. म्हणून हे इथे लिहितो.

क्षमा, परबांची मालाडची खोली पाहून आलीस त्या संध्याकाळी मी तुला विचारले, "कशी वाटली?" एका खोलीत तुला धरून सहा माणसे, नळ खाली चौकात. तू म्हणालीस, "चालेल बाबा मला."

जयवंत तुला आवडतो. तू सगळे निभावशील, यात शंका नाही. ऑपरेशनचीही मला फारशी भीती वाटत नाही. पण 'चालेल' हा शब्द माणूस वरच्या पायरीवरून म्हणतो, आणि तो तू माझ्याच घरात शिकलीस. तू तिथे निभावते आहेस हे त्या पाच माणसांना रोज कळत राहील, याची मला काळजी वाटते.