नकाशावरचं मैत्रीनगर

कोल्हापूर,
१२ ऑगस्ट २०२४

ती. आण्णांस,
संघप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर मी एस.टी. सुटल्यासारखी बोलते आणि तुम्हाला निम्मं कळतच नाही, अशी तुमची तक्रार. म्हणून हे पत्र. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे धाकधूक वाटते. माझ्या अक्षराला हसू नका.

भूगोल शिकायला कॉम्प्युटर कशाला, असं तुम्ही विचारलंत. आण्णा, नकाशे आता त्याच्यावरच काढतात. उपग्रहानं वरून घेतलेलं चित्र पडद्यावर उघडायचं आणि त्यावरून घरं, रस्ते, विहिरी माउसनं गिरवायच्या. मग त्यात नावं भरायची. सुरुवातीलाच माझी फजिती झाली. आपल्या वाघटेकचे अक्षांश-रेखांश मी उलटे टाकले आणि अख्खं गाव नॉर्वेच्या वर, बर्फाच्या समुद्रात जाऊन पडलं. आमचे उदयसिंह सर म्हणाले की गावाला स्वेटर तरी पाठवून द्या. माझ्या खोलीतली मोना अजून मला थंडी वाजते का म्हणून विचारते.

आता गाव जागेवर आणलंय. प्रसेनजीतदादाच्या लग्नाचं कुठवर आलं? आईला जयभीम. उत्तर लिहायचा कंटाळा करू नका.

तुमची,
संघप्रिया


वाघटेक,
२१ ऑगस्ट २०२४

चि. संघप्रियास,
आण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईनं दोनदा वाचून घेतलं. गाव समुद्रात पडल्याचं ऐकून ती हसली, मग म्हणाली की आपल्याला कुणी सांगितलंच नाही, नाहीतर मासे तरी आणले असते. तुझं अक्षर सुधारलंय, पण ‘क्ष’ अजून लंगडतोय.

दादाचं जुळत आलंय. मुलगी जयसिंगपूरची, प्रीती नावाची, दवाखान्यात नर्स आहे. दिवाळीनंतर ती माणसं घर बघायला येणार. मुलगी शिकलेली, बोलायला मोकळी. आपला दादाच लाजतोय.

तुझ्या त्या वरच्या चित्रात आपलं घर दिसतं का ते कळव. पत्र्याला मी उन्हाळ्यात निळा रंग दिलाय. दिसत नसेल तर अजून एक हात मारतो.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती कागदावर किती लिहायची?

तुझा,
आण्णा


कोल्हापूर,
१५ सप्टेंबर २०२४

ती. आण्णांस,
सविनय जयभीम. वि. वि.

घर दिसतं. निळा पत्रा अगदी उठून दिसतो. दुसरा हात नको. धोंडुआज्जीचं घर मात्र चिंचेखाली झाकलंय, ते मी अंदाजानं काढलंय.

एक गोष्ट फोनवर बोलवली नसती. गेल्या सोमवारी वर्गात प्रत्येकानं आपापलं गाव दाखवायचं होतं. जगात कुणालाही भर घालता येते अशा एका खुल्या नकाशावर आम्ही काम करतो. मी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर वाघटेक मोठं करत गेले आणि आपल्या वस्तीवर ते जुनं, जातीचं नाव आलं. हातभर अक्षरांत. कुणी तरी कधी तरी ते भरून ठेवलेलं. मी एवढंच म्हणाले, “हे माझं घर आहे,” आणि पुढं बोलले.

त्याच दिवशी मी ते नाव खोडलं. दोन दिवसांत कुणी तरी परत घातलं. जुन्या नोंदीत असंच आहे म्हणे. मी सरांपुढं तणतणले. ते शांतपणे म्हणाले की खुर्चीत बसून हे भांडण जिंकता येणार नाही. अशी नावं बदलायचा सरकारी आदेश आहेच; पण नवं नाव तिथल्या माणसांनी ठरवायला हवं, ग्रामसभेनं मानायला हवं आणि जागेवर पाटी हवी. मग नकाशाला ते घ्यावंच लागतं.

तुम्हाला त्रास द्यायचा नाही. नुसतं मन मोकळं केलं.

तुमची,
संघप्रिया


वाघटेक,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. संघप्रियास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचून आधी मला वाटलं की सोडून द्यावं. हे नाव आम्ही एवढी वर्षं ऐकतोय, कॉम्प्युटरवर असलं काय, नसलं काय. पण झोप लागेना. पोरगी वर्गात उभी राहून ते नाव सोसते आणि मी इथं दुसऱ्यांच्या दुकानांची नावं रंगवत बसलोय, हे काय खरं न्हाय.

विहारात बैठक बोलावली. काय सांगू तुला. पोरांना एक नाव पाहिजे, म्हाताऱ्यांना दुसरं. आकाराम म्हणाला की त्याच्या वडिलांनी पहिली विहीर काढली, तर त्यांचंच नाव द्या. तीन बैठका नुसत्या भांडणात गेल्या. दोन सख्खे शेजारी बोलायचे बंद झाले. शेवटी तुझी धोंडुआज्जी काठी टेकत उठली आणि म्हणाली, “नावं मोठ्ठी सांगताय. आधी एकमेकांशी नीट बोला की. मैत्री ठेवा, तेच नाव लावा.”

सगळे आधी हसले, मग पटलं. नाव ठरलं, मैत्रीनगर. आकारामनंच पहिल्यांदा हात वर केला.

ग्रामसभेत थोडी कुरकुर झाली, पण सरपंचबाईंनी आदेश वाचून दाखवला आणि ठराव झाला. आजच धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पाटी लावली. लोक फ्लेक्स छापूया म्हणत होते, मी ऐकलं नाही. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत हातानं रंगवली. हजारभर पाट्या रंगवल्या असतील, पण ही रंगवताना वेलांटी दोनदा पुसावी लागली. दादा पाटीचा फोटो धाडतोय.

तुझा,
आण्णा


कोल्हापूर,
२० ऑक्टोबर २०२४

ती. आण्णांस,
सविनय जयभीम.

आज लांबण लावत नाही. फोटो बघून मी रडले, मोनापण रडली, मग आम्ही इथली ती प्रसिद्ध राजाभाऊंची नव्हे, कोपऱ्यावरचीच भेळ खाल्ली. ठराव आणि फोटो जोडून मी नाव भरलं. या वेळी कुणी खोडलं नाही. उलट ज्यानं जुनं नाव परत घातलं होतं त्यानंच लिहिलं की आता बरोबर आहे, अभिनंदन.

सर वर्गात म्हणाले की संघप्रिया मॅडमनी गाव दुसऱ्यांदा जागेवर आणलं.

दिवाळीला येते. चकलीचं पीठ मी आल्यावरच भिजवा.

तुमची,
संघप्रिया


वाघटेक,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. संघप्रियास,
अनेक आशीर्वाद.

तुझी परीक्षा होती म्हणून घर बघायला तू नव्हतीस, तर सगळं सांगतो. सुपारी फुटली. प्रीतीनं दादाला विचारलं की स्वयंपाक येतो का, आणि दादा खरं बोलला. तरी तिनं होकार दिला.

पण मला दुसरंच लिहायचंय. तुझ्या आईच्या माहेरची माणसं यायची तेव्हापासूनची माझी सवय आहे. पावणं यायच्या आधी मी गावच्या चौकात जाऊन थांबतो. कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्याचं कारण एकच. त्यांनी तिथं आपलं घर विचारू नये. विचारलं की कुणी तरी हात करून ते नाव सांगणार, आणि पावण्यांचा चेहरा मला बघायला लागणार.

परवाही सकाळी तसाच निघालो होतो. पायात चप्पल सरकवली, टोपी घातली, तर दारात गाडी. प्रीतीची आत्या उतरली आणि म्हणाली, “फोनच्या नकाशात मैत्रीनगर टाकलं, थेट आलो. कुणाला विचारायची पाळीच आली न्हाय.”

आई आतून ओरडली की पावण्यांना आत घ्या, दारात काय उभं केलंय. तेव्हा मी भानावर आलो आणि पायातली चप्पल काढली.

तुझा,
आण्णा
मु. मैत्रीनगर, वाघटेक