तिसरा पोर्ट

ब्रह्मपुरी

प्रिय आदेश,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लिहिणाऱ्याला मध्येच "ताई, एक मिनिट, दुसरा कॉल येतोय" असं कोणी म्हणू शकत नाही.

आधी आनंदाची बातमी. बाबांची चार डिस्कवाली मशीन चालू झाली. हो, तीच, जी तू पुण्यात बसून मेली म्हणून जाहीर केलीस. बाबांनी बावीस वर्षं दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रांत फिरून झाडीपट्टीतल्या नाटकांचं जे शूटिंग केलं, ते सगळं तिच्यात जागच्या जागी आहे. काल आईने नवरगावचा एक प्रयोग लावला. त्यात कॅमेऱ्यामागून दिवेवाल्याला ओरडणारा बाबांचा आवाज येतो, "अरे पत्रू, फोकस इकडं घे ना बाप्पा!" आईने तेवढा तुकडा चारदा ऐकला आणि मग म्हणाली, "आता भात टाकते." तीन दिवस ती धड जेवली नव्हती.

आता झालं काय, ते ऐक. दसऱ्याला मी झेंडू आणायला बाजारात गेले होते. आईने विळा, अडकित्ता, बाबांचा जुना कॅमेरा पाटावर मांडला आणि तिला मशीन आठवली. ती बंद केलेली होती, एवढं नशीब. तिने चारही डिस्क ओढून काढल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या, ओळीने मांडल्या, एकेकीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि हाताला येतील तशा परत खुपसल्या. मी आले तेव्हा कपाळाला हात लावून बसले. आई उलट माझ्यावरच डाफरली, "विळ्याची पूजा होते, तं तुह्या बाबाच्या मशीनची काऊन नाई?" याला तुझ्याकडे उत्तर असलं तर कळव.

मशीन सुरू केली तर एकही फाईल दिसेना. तिसऱ्या पोर्टमधली, म्हणजे तिसऱ्या खाचेत बसवलेली डिस्क तू आधीच खराब ठरवली होतीस. चारपैकी एक गेली तर निभतं, दोन गेल्या की सगळं गेलं, हे तूच शिकवलंस. आणि आता मशीन दोन गेल्या म्हणत होती. तुला फोन केला, तर तू म्हणालास, "संपलं ताई. आईला कोणी सांगितलं होतं हात लावायला?" फोन स्पीकरवर होता, आदेश. आई शेजारीच उभी होती. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. बाबांचा आवाज आपल्याच हातून गेला, असं तिच्या मनाने घेतलं. त्या दिवशी मला तुझा भयंकर राग आला. अजून तो गेलेला नाही.

त्या रागातच मी बाबांची वही काढली. तू ही मशीन जोडून दिलीस तेव्हा सांगितलेला शब्दन् शब्द त्यांनी त्यात उतरवलाय. एका पानावर लिहिलंय, "आदेश म्हणतो, डिस्क कोणत्याही पोर्टला लावली तरी चालते. मशीन तिला तिच्या स्वतःच्या नंबराने ओळखते, जागेवरून नाही." खाली दोन रेघा मारल्यात. मग आईने अदलाबदल केल्याने बिघडलं कसं? मी मशीनसमोर बसले आणि नुसतं बघितलं. तू ज्या डिस्कला फेकून दे म्हणत होतास, ती आता पहिल्या पोर्टला होती आणि तिच्याखाली छान हिरवा दिवा होता. पहिल्यातली धडधाकट डिस्क आईने तिसऱ्यात घातली होती, आणि तिचा दिवा लाल. म्हणजे खोट डिस्कमध्ये नव्हती, त्या पोर्टमध्ये होती. मी मशीन बंद केली, तिसऱ्यातली डिस्क काढली, रिकाम्या पाचव्या पोर्टला लावली. सुरू केली. दिवा हिरवा झाला आणि फायली दिसू लागल्या. तुझी "खराब" डिस्क मशीनने आधीच बाद केली होती, ती पुन्हा भरायला दीड दिवस लागला, पण तीही आता बाकीच्यांबरोबर कामाला लागली आहे. गेल्या वर्षी त्याच पोर्टमधली एक डिस्क आपण भंगारात दिली, आठवतं? ती बिचारीही चांगलीच असणार.

आता या पत्राचं खरं कारण. भाऊबीजेला तू प्रवीणला सोबत घेऊन येणार आहेस आणि आम्हा नवराबायकोला समोरासमोर बसवून "मिटवणार" आहेस, असं आईकडून कळलं. वरोऱ्याच्या त्या सासरच्या घरात मी अकरा वर्षं काढली. बाबांच्या तेरवीला पंगत उठायच्या आत मला परत बोलावणं आलं आणि मी गेले. प्रवीणने पहिल्यांदा हात उचलला तेव्हा मी तुलाच सांगितलं होतं. तू म्हणालास, "थोडं ॲडजस्ट कर." माझ्याआधी माझी थोरली जाऊ निशा त्या घरातून गेली. तीही भांडखोर, तीही खराब. आज ती गडचिरोलीत शिवणक्लास चालवते, वीस मुली शिकतात तिच्याकडे. दोन सुना गेल्या, तरी त्या घराकडे कोणी बोट दाखवलं नाही. तूसुद्धा नाही. मशीनच्या बाबतीत तू चुकलास, ते मी हसून सोडलं असतं. पण माझ्या बाबतीत तू तीच चूक अकरा वर्षं केलीस. मी परत जाणार नाही. नवऱ्याला नाही, समाजाला नाही आणि तुलाही मी भीत नाही.

भाऊबीजेला ये, पण एकटा ये. पाट मांडते, ओवाळते, आई तुझ्या आवडीचे वडे करणार आहे. आणि मशीनचं बघायला बसलास तर एक लक्षात ठेव. तिसऱ्या पोर्टवर मी काळी चिकटपट्टी लावली आहे. ती काढू नकोस. तिथे आता कोणालाच बसवायचं नाही.

तुझीच,
मंजूताई