सकाळी सहाची पोस्ट

२३ जुलै

एकोणतीस पोस्टी लिहून झाल्या एकदाच्या! तीन दिवस दुपारची झोप गेली.

परवा आमच्या चांद्र पंचांगातला अधिक महिना लागतोय. लग्न झालेल्या लेकीने डुकराच्या पायाच्या शेवया आईला नेऊन द्यायच्या, आईचं आयुष्य वाढतं. म्हणजे आमच्या शेवयांच्या दुकानात आता पाठ टेकायची सोय नाही. रोज फोन घेऊन कोण लिहीत बसणार? म्हणून एक फुकटचं, सगळ्यांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर गल्ल्याखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवलं. रोज सकाळी सहाला ते आपणहून दुकानाच्या पानावर पोस्ट टाकणार. सुरुवात सगळ्यांची एकच — "उठलात का? जेवलात का?" — पुढे त्या दिवसाचा बेत.

चिनश्वेइ म्हणाला, "बायकोच्या जागी असलं काही फुकट मिळतं का बघ."

मिळालं तर आधी नवऱ्याच्या जागी बसवेन, म्हटलं.

२६ जुलै

एकशे चाळीस डबे. बोटं सुजली.

३ ऑगस्ट

आईचा फोन नाही. एरवी तिचा रविवार चुकत नाही, आज दुसरा गेला. माहेरी ताइतुंगला एकटीच असते, अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. मीच करायला हवा, कळतं. पण केला की विचारणार — शेवया घेऊन कधी येतेस? काय सांगू!

१२ ऑगस्ट

"पोस्टीखाली लोक काहीबाही लिहितात, बघ तरी," चिनश्वेइ म्हणतो. बघते म्हटलं. नाही बघितलं. पोस्टी जातायत ना वेळेवर, बस झालं.

एक बाई डबा घेताना म्हणाली, "तुमच्या आईला तर सगळ्यांत आधी मिळाल्या असतील!" मी नुसती हसले. लाज वाटली. गावभरच्या आया माझ्या हातचं खातायत आणि माझी रुसून बसलीय.

१९ ऑगस्ट

महिना संपायला तीन दिवस. चिनश्वेइनेच तिकीट काढून आणलं. "रांग मी बघतो. जा बाई, नाहीतर जन्मभर मलाच ऐकवशील."

२१ ऑगस्ट, ताइतुंग

संध्याकाळी पोचले. आई रुसलेली नाहीच! दोन वाट्या खाल्ल्या. वाळलीय पण.

"फोन का नाही केलास गं?" विचारलं, तर म्हणते, "कशाला? रोज सकाळी बोलतो की आपण."

विसरायला लागली की काय ही? डॉक्टरांना दाखवायला हवं.

२२ ऑगस्ट

सहाला आईचा फोन वाजला. चष्मा चढवून तिने मोठ्याने वाचलं, "उठलात का? जेवलात का?" — आणि एका बोटाने उत्तर लिहायला बसली. तांदूळ धुता धुता मी तिच्या खांद्यावरून डोकावले. दुकानाच्या रोजच्या पोस्टीखाली अठ्ठावीस दिवसांची उत्तरं. 'उठले गं.' 'पेज खाल्ली.' 'गुडघा दुखतोय, पण तू नको धावपळ करू.' 'तू जेवतेस ना वेळेवर?'

आज तिने लिहिलं, 'उठले गं. आज तू' — आणि बोट थांबलं. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तू तर इथे आहेस. मग हे कोण विचारतंय?"