यांना मदत करू नये

तीर्थरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्याची सध्याची अवस्था पाहता पाचच अंगांचा धरावा, उरलेली तीन अंगं बरी झाली की पोचती करतो.) तुम्ही खुशाल असाल, दुकानातली शिलाई मशिनं सुरळीत चालत असतील, भाच्याचा फोन येत असेल, अशी देवाजवळ प्रार्थना. पत्र घरी न पाठवता माणसाच्या हाती दुकानावर का पाठवलं, असं तुम्हाला वाटलं असेल. घरी आलेलं पाकीट ताई फोडते, फोनही तीच उचलते, आणि या पत्राचा विषय ताईच आहे.

गेल्या बुधवारी सकाळी मी आमच्या रुग्णालयात चादरींच्या कपाटामागं लपून उभा होतो. वय पन्नाशीला टेकलेलं, गळ्यात ‘समन्वयक’ अशी पट्टी, आणि लपलो होतो सख्ख्या थोरल्या बहिणीपासून. लहानपणीही तिच्यापासून असाच लपायचो, पण तेव्हा कपाटामागं मावत तरी होतो. वॉर्डातले मामा (चादरी बदलतात, डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे मामाच) जाताजाता हळूच म्हणाले, “साहेब, पोट आत घ्या, दिसतंय.” ही वेळ माझ्यावर का आली, ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

माजी सैनिकांच्या या रुग्णालयात मी स्वयंसेवकांचं काम पाहायला लागलो, तेव्हा मला वाटलं होतं की सेवेला माणसं मिळत नसतील, दारोदार हिंडून गोळा करावी लागतील. झालं भलतंच. रुग्ण मोजके आणि सेवेकरी उदंड. समन्वयक म्हणजे नक्की काय करतोस, असं तुम्ही मागं विचारलं होतं. तर सेवेला आलेल्या गर्दीपासून म्हाताऱ्यांना वाचवतो, असं समजा. एक निवृत्त बँक मॅनेजर येतात. ते मोठ्यानं वर्तमानपत्र वाचून दाखवतात आणि प्रत्येक बातमीनंतर आपलं मत सांगतात, ते बातमीपेक्षा लांब असतं. हास्यवर्गाच्या बाईंनी एका हर्नियावाल्याला इतकं हसवलं, की त्याला परत टाके घालावे लागले. (बाईंनी तो आपल्या वर्गाचा गुण मानला.) एका कंपनीनं एकसारखे निळे शर्ट घातलेली एवढी माणसं पाठवली, की एकेक उशी चौघांनी मिळून झटकली आणि पाचव्यानं फोटो काढला. एका आजोबांचं डोकं एकाच दुपारी तिघांनी चेपलं. चौथा आला तेव्हा आजोबांनी झोपल्याचं सोंग घेतलं, तर त्यानं पाय चेपले. भीक नको पण कुत्रा आवर, असे भाव मी तिथल्या प्रत्येक खाटेवर पाहिलेत. पण शिस्तीत वाढलेली माणसं. शत्रूला दाखवली ती पाठ यांना दाखवता येत नाही. म्हणजे शत्रूलाही दाखवली नव्हती, पण मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल.

शिवाय सेवा करायची ती शूराची, असा सगळ्यांचा हट्ट. आमच्याकडं दोन आजोबा एकाच आठवड्यात दाखल झाले, दोघांच्याही उजव्या अंगावरून वारं गेलेलं, खाटा शेजारी शेजारी. एकाला तरुणपणी लढाईत पदक मिळालं होतं, ते उशाशी ठेवलेलं. दुसरे आयुष्यभर सैन्याच्या भटारखान्यात आचारी. स्वयंसेवक आधी आचाऱ्याकडं जायचे, कारण त्यांची खाट दाराजवळ. डोळ्यांत देशभक्ती आणून विचारायचे, “आजोबा, लढाई पेटली तेव्हा तुम्ही कुठं होता?” आचारी म्हणायचे, “कांदे चिरत होतो.” झालं. पुढच्या खाटेला खुर्च्या कमी पडायच्या आणि यांच्याकडं कुणी पाण्याचा पेला पुढं करायला नसायचं. मला फार वाईट वाटे. रुग्णालयातल्या प्रार्थनेच्या खोलीत मी रोज दोन मिनिटं बसतो, तेव्हा आचाऱ्यासाठी एखादा सेवेकरी मिळू दे, असं चक्क मागितलंही. देवानं ऐकलं नाही. देवाचे आचाऱ्यावर फार उपकार आहेत.

कारण झालं असं की पेला कुणी देईना, म्हणून आचारी डाव्या हातानं उजवा हात ओढून पेल्यापर्यंत न्यायला लागले. पहिले काही दिवस पाणी पेल्यापेक्षा अंथरुणात जास्त. मग पेला उचलला, मग चमचा, मग शिव्या देत भिंतीला धरून संडासापर्यंत जाऊन आले. आणि एक दिवस स्वतःची पिशवी स्वतः उचलून घरी निघाले. पदकवाल्यांच्या खाटेपाशी क्षणभर थांबून म्हणाले, “कप्तान, तुमचं शौर्य तुम्हाला नडलं.” पदकवाल्यांना तोवर चमचाही धरता येत नव्हता. येणार कसा? बोटांना काही काम म्हणून उरलं नव्हतं. एक जण भरवी, दुसरा तोंड पुसे, तिसरा पुस्तकाचं पान उलटवी. फिजिओवाल्या बाई माझ्यावर कडाडल्या, “तुमच्या लोकांनी लाडानं माणूस पार नासवलाय! शुक्रवारी मोठे डॉक्टर तपासतील. यांनी स्वतःच्या हातानं शर्टाची बटणं लावली तर घरी. नाहीतर मागची इमारत.”

मागची इमारत वाईट नाही, दाजी. पुढं फुलझाडं आहेत, जेवण वेळेवर असतं, उठवायला, बसवायला, न्हाऊ घालायला माणसं असतात. तिथं सगळं मिळतं, फक्त परत यायला मिळत नाही. पदकवाल्यांची बेकरीच्या माडीवर एक खोली आहे. पहाटे खालून पावाचा वास येतो म्हणाले, आणि कुलूप जरा अडतं, किल्ली वर उचलून फिरवावी लागते, ती युक्ती फक्त त्यांनाच ठाऊक. “मला माझं कुलूप उघडायचंय,” एवढंच ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं. लढाईबद्दल ते हजारदा बोलले असतील, पण आवाज एवढा जड झालेला मी तेव्हाच ऐकला.

मग मी खाटेवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: ‘कृपया यांना मदत करू नये.’ पाटीनं व्हायचा तो परिणाम झाला. निळे शर्टवाले पुन्हा आले, पाटी वाचून माझ्या कानाशी लागले, “काय केलं हो यांनी? पळून गेले होते का?” बँक मॅनेजरांनी तर पदकाकडं संशयानं पाहिलं. पण दबकून का होईना, सगळे लांब राहिले. आजोबा दिवसभर एका बटणाशी झुंजू लागले. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर शर्टाची सगळी बटणं व्यवस्थित, केस विंचरलेले, सूपचा वाडगा चाटूनपुसून लख्ख. आणि दुपारी फिजिओवाल्या बाईंनी एक बटण काढायला सांगावं, तर बोटं कपड्यावरून नुसती घसरायची. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे कुणीतरी चोरून सेवा करत होतं. चोरून दारू पिणारे मी पाहिलेत. चोरून सेवा करणारी पहिल्यांदाच पाहिली, आणि ती कपाटामागून.

भेटीची वेळ सुरू व्हायच्या कितीतरी आधी ताई आली, गळ्यात स्वयंसेवकाची पट्टी. (फाटकावर ‘मी समन्वयकाची बहीण’ म्हणते म्हणे. इतकी वर्षं मी तिचा भाऊ म्हणून ओळखला जायचो, त्याचं उट्टं असं निघालं.) पाटीवर तिनं आपला स्कार्फ लटकवला, खाटेवर बसली आणि बटणांना हात घातला.

“अहो बाई, शुक्रवारी परीक्षा आहे माझी. असू द्या.”

“गप्प बसा. आयुष्यभर देशासाठी हात झिजवलेत, आता बटणंही तुम्हीच लावणार?”

“हो. मीच लावणार.”

“हट्ट करू नका. आ करा.” तिनं सूपचा चमचा पुढं केला.

आणि दाजी, शत्रूच्या चौकीवर चालून गेलेल्या त्या माणसानं मुकाट्यानं आ केला. मी कपाटामागून बाहेर आलो. ताई दचकली नाही. म्हणाली, “तू? आणि कॉलर अशी काय?” असं म्हणत माझीही कॉलर नीट केली. मी ती करूही दिली. सातवीपर्यंत माझी बटणं तिनंच लावली. गावच्या शाळेत कवायतीला एकदा बटण तुटलं, तर मी मास्तरांसमोर शर्ट धरून तिची वाट पाहत उभा राहिलो होतो. अशा माणसानं, म्हणजे मी, तिला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, की ताई, तुझ्या मायेनं हा म्हातारा मागच्या इमारतीत जाणार. सांगितलं. ती म्हणाली, “मायेनं कुणी मरत नाही.” मी म्हटलं, मरत नाही, नुसतं पडून राहतं. ती म्हणाली, “मग पडून राहू दे की, मी आहे ना.”

मी प्रार्थनेच्या खोलीत जाऊन बसलो. लहानपणापासून शिकलो, की सेवा हीच भक्ती. पण देवाचं एक बरं आहे, त्याच्यापुढं ताट ठेवलं तरी तो हात लावत नाही. म्हणून युगानुयुगं धडधाकट आहे. माणसाचं तसं नाही. भरवलं की तो खातो. आणि भरवणारी तरी काय करील? पोरं लांब गेली, तुम्ही उजाडल्यावर दुकानात जाता ते दिवे लागल्यावर येता, घरात सगळ्यांची बटणं ज्याची त्याला लावता येतात. (राग मानू नये. जे दिसलं ते लिहिलं.) अशा बाईला नुसतं ‘जा’ म्हणून भागत नाही, कुठं जायचं तेही सांगावं लागतं. तसं ते सांगितलं, आणि ती त्याच दिवशी गळ्यातली स्वयंसेवकाची पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवून गेली, तीही रागावून नव्हे, घाईघाईनं.

मधले दोन दिवस आजोबा बटणांशी एकटेच झुंजले, आणि शुक्रवारी मोठे डॉक्टर आले. पदकवाल्यांनी शर्ट घातला. पहिलं बटण लागेपर्यंत डॉक्टरांचे दोन फोन झाले. दुसरं चुकीच्या काजात गेलं, तिसरं त्याहून चुकीच्या, आणि शर्ट एका बाजूनं असा वर चढला की बँक मॅनेजर मदतीला धावले. त्यांना मामांनी चादरीत गुंडाळल्यासारखं धरलं. डॉक्टरांनी वाकडा शर्ट पाहिला, म्हणाले, “वाकडं तर वाकडं. लावलं ना?” शनिवारी आजोबा घरी गेले. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. कुलूप उघडायला बराच वेळ लागला, म्हणाले, बेकरीवाला मदतीला आला होता, त्याला जिन्यावरूनच परत पाठवला.

तुमच्या सर्वांच्या आशीर्वादानं इकडं सगळं ठीक आहे, तिकडंही असेलच असं धरून चालतो.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. खाटेवरची पाटी मी काढायला गेलो, तर शेजारच्या हर्नियावाल्यांनी ती आपल्या खाटेवर लावून मागितली. आता सगळा वॉर्डच मागतोय. रंगाऱ्याला जास्तीच्या सांगितल्यात.

आणखी एक ता. क. ताईपाशी विषय निघाला, तर तुम्हाला काही ठाऊक नाही असंच दाखवावं.

शेवटचं, आणि पत्र खरं यासाठीच. ताईला कुठं जायचं ते सांगितलं असं वर लिहिलं, ते असं: तुमचा उजवा हात हल्ली थरथरतो, सुईत दोरा ओवता येत नाही, जेवताना चमचा डळमळतो, पण मानी माणूस, घरी बोलत नाही, असं मी तिला सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मागोमाग चमक. सोमवारपासून ती सकाळीच तुमच्याबरोबर दुकानात येईल. तेव्हा निदान काही दिवस हात थोडा थरथरवावा, ही हात जोडून विनंती. शर्टाला बटणं असलेला बरा. आ करायला सांगितलं, तर करावा. आणि नंतर कधी फारच झालं, तर एक पाटी मी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. पण ती देणार नाही, असंही मी ठरवलं आहे.